चारवर पाहुणा आहे

वहिनींना सगळं शहर वहिनी म्हणायचं, आणि त्याचं कारण साधं होतं. टॅक्सी कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये त्या वायरलेसवर बसायच्या, त्यांचे यजमान त्याच कंपनीत सतरा नंबरची गाडी चालवायचे, आणि बाकीचे ड्रायव्हर यजमानांचे दोस्त. दोस्ताची बायको ती वहिनी. एकाने म्हटलं, मग सगळ्यांनी म्हटलं, आणि शेवटी मालकही म्हणायला लागले, जे वयाने त्यांच्या वडिलांच्या बरोबरीचे होते. एका माणसाची मात्र पंचाईत झाली, ती म्हणजे सतरा नंबरची. त्याला स्वतःच्या बायकोला वहिनी म्हणता येईना, आणि चारचौघांत वायरलेसवर 'अगं' म्हणणं बरं दिसेना. मग तो 'कंट्रोल' म्हणायला लागला. कधीकधी घरीही तोंडातून जायचं. "कंट्रोल, माझे मोजे कुठेत?" असं विचारून तो जीभ चावायचा.

या गोष्टीत सतराला आपण 'तो'च म्हणू. त्याला अहो-जाहो करणारं माणूस जगात एकच होतं, आणि तेही दिवसातून चारदा त्याच्या नावाने बोटं मोडायचं.

कंट्रोल रूम म्हणजे टायरच्या दुकानावरची एक खोली. जिना इतका अरुंद, की मालक वर येताना वरून कुणी उतरायचं धाडस करत नसे. खोलीत एक टेबल, भिंतीवर शहराचा नकाशा, त्यात रंगीत टाचण्या, कोपऱ्यात चहाची किटली, आणि टेबलाच्या डाव्या अंगाला वायरलेसचा सेट. तो डावीकडे का, तर अँटेनाची वायर डाव्या खिडकीतून आत यायची आणि तेवढीच पुरायची. वहिनींनाही ते सोयीचं होतं. डाव्या हाताने रिसीव्हर डाव्या कानाला, उजव्या हातात टाचणी. कुठली गाडी मोकळी, कुठली भरलेली, कोण कुठल्या चौकात अडकलाय आणि कोण अडकल्याचं सोंग करून चहा पितोय, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं.

टॅक्सीवाल्यांचा चॅनेल चार. पण हवा काही एकट्या टॅक्सीवाल्यांच्या मालकीची नव्हती. दोनवर बेकरीच्या गाड्या, तीनवर पाण्याचे टँकर, पाचवर घरसामान हलवणारे, सहावर ड्रायव्हिंग स्कूल, आणि त्यांच्या अधेमध्ये कुठेतरी शववाहिनीवाले. गाड्या वाढल्या, सेट वाढले, आणि एकाचं बोलणं दुसऱ्याच्या चॅनेलवर ऐकू यायला लागलं. अशा परक्या आवाजाला कंट्रोल रूमच्या भाषेत 'पाहुणा' म्हणायचे. "चारवर पाहुणा आहे, परत बोला," असं म्हटलं की ड्रायव्हरने तक्रार न करता पुन्हा बोलायचं, असा रिवाज होता.

पाहुण्यांनी गमतीही थोड्या केल्या नाहीत. एकदा ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर जिवाच्या आकांताने "ब्रेक! ब्रेक मार!" असं ओरडला, तो आवाज चारवर आला, आणि शहरातल्या झाडून सगळ्या टॅक्सी जागच्या जागी थांबल्या. एकदा एक जोडपं आगगाडी चुकू नये म्हणून टॅक्सीत घड्याळाकडे बघत बसलं होतं, आणि स्पीकरमधून शववाहिनीवाला शांतपणे सांगत होता, "सावकाश चालव रे. आपल्या माणसाला आता कसली घाई?" जोडपं पुढच्या सिग्नलला उतरून चालत गेलं. बेकरीवाल्यांचं तर ऐकवत नसे. "वरचा मजला घसरलाय, डोकं चेपलंय, तसंच नेऊ का?" असा प्रश्न आला की तो केकबद्दल आहे हे कळेपर्यंत ऐकणाऱ्याला घाम फुटायचा.

हे सगळं खरं होतं तोवर ठीक होतं.

मग एका हिवाळ्यात वहिनींना दणदणीत सर्दी झाली. सर्दी गेली, पण डाव्या कानाला दडा बसला तो बसलाच. वहिनींनी तेल घातलं, वाफ घेतली, एका पायावर उड्या मारल्या. दडा सुटेना. आज सुटेल, उद्या सुटेल करत त्यांनी ते कानामागे टाकलं, आणि तेही त्याच कानाच्या. पुढे केव्हातरी त्यांच्या ध्यानात आलं, की हा दडा नाही. कान गेलाय.

त्याचा पुरावा असा मिळाला. एका लेखकमहाशयांना लायब्ररीत भाषणाला जायचं होतं. वहिनींनी लाँड्री ऐकलं. टॅक्सीवाल्याने त्यांना लाँड्रीसमोर सोडलं. महाशयांना वाटलं, आयोजकांनी काहीतरी नव्या धर्तीचा कार्यक्रम ठेवलाय. ते आत जाऊन खुर्चीवर बसले. लाँड्रीवाल्याने पावती मागितली. त्यांनी आमंत्रणपत्रिका दिली. तिथून पुढे जे झालं ते सगळ्या ड्रायव्हरांना पाठ होतं. लगेच पुढच्या आठवड्यात एका आजी-आजोबांना म्युझियमऐवजी जिममध्ये सोडण्यात आलं. आजोबा म्हणे खूश होते, पण आजींनी तक्रार केली.

"चारवर पाहुणा होता," वहिनींनी मालकांना सांगितलं. "शब्द नीट आलाच नाही."

हे त्यांचं पहिलं खोटं. ते इतकं सहज खपलं, की मग त्यांनी पाहुण्याला कामालाच लावलं. शब्द निसटला की "पाहुणा आहे, परत बोला." गाडीचा नंबर कळला नाही की "पाहुणा आहे." दिवसभर हेच. खुर्ची थोडी तिरकी केली, मग आणखी तिरकी केली, आणि शेवटी त्या नकाशाकडे पाठ करून अशा बसायला लागल्या, जणू शहरावर रुसल्यात. रिसीव्हरची वायरही आखूडच, तेव्हा उजवा कान सेटकडे आणायचा तर दुसरा मार्ग नव्हता. टेबल फिरवून मागावं तर वायर पुरणार नाही, आणि वायर मागावी तर मालक विचारणार, "का हो?"

त्या 'का'चं उत्तर वहिनींना द्यायचं नव्हतं. त्या या खोलीत आल्या तेव्हा चार माणसांत तोंड उघडायला घाबरायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी बटन दाबून कसंबसं "बाजारपेठेजवळ कोण आहे?" असं विचारलं, आणि तीन माणसांनी अदबीने उत्तर दिलं. घरात कोणी ऐकत नव्हतं असं नाही, पण घरात त्यांच्या एका शब्दावर गाड्या वळत नव्हत्या. आता बहिरी म्हटलं की लोक काय करतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं. मोठ्याने बोलतात, ओठ वाकडे करून बोलतात, आणि थोड्या दिवसांनी बोलायचंच सोडून देतात. ते वाट्याला येण्यापेक्षा पाहुणा बरा.

एक मात्र त्यांना नवल वाटायचं. अलीकडे ड्रायव्हरांना शिस्त लागली होती. प्रत्येकजण प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायचा. "नऊ नंबर, दवाखान्याजवळ मोकळा. दवाखान्याजवळ मोकळा." वहिनींना वाटायचं, इतक्या वर्षांच्या आपल्या बोलण्याचा परिणाम झाला एकदाचा. बिघडला होता फक्त सतरा. तो वायरलेसवर असा ओरडायचा, की सेटवरचं धुळीचं फडकं हलायचं. घरीही तेच. "भाजी झालीय का?" हे वाक्य तो असं उच्चारायचा, की समोरच्या घरातून उत्तर यायचं.

"अहो, माणसासारखं बोला की जरा!" वहिनी करवादायच्या. "मी काय बहिरी आहे?"

सतरा ताटात बघायचा.

आणि मग मालकांनी नवे बॉक्स आणले.

म्हणजे आणले एकट्याने नाही. टॅक्सी, बेकरी, टँकर, सामानवाले, ड्रायव्हिंग स्कूल, सगळ्यांनी मिळून ठरवलं, की हा पाहुण्यांचा गोंधळ आता पुरे. प्रत्येक गाडीत एक नवा बॉक्स बसवायचा. तो बॉक्स स्वतःच कानोसा घेणार, कुठला चॅनेल रिकामा आहे ते बघणार, आणि गाडीला तिथे नेऊन बसवणार. हे सगळं बसवायला एक इंजिनिअरबाई आली. वयाने लहान, पण कामाला वाघ. एका खांद्यावर वायरींची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर दुसऱ्या वायरींची पिशवी. ती वहिनींना ताई म्हणायची, जे ऐकून वहिनींना इतकं बरं वाटलं की त्यांनी तिला किटलीतला पहिला चहा दिला.

"बॉक्स आल्यावर कंट्रोलला दोन माणसं लागणार नाहीत," मालक म्हणाले. सकाळी वहिनी असायच्या, दुपारनंतर दुसरा एक गृहस्थ. "एकच खुर्ची राहील. चाचणी घेऊ, मग बघू. जो बसेल त्याला पहिल्या फटक्यात प्रत्येक शब्द कळला पाहिजे. वहिनी, तुमचं काय ते पाहुण्यांचं चालतं, ते आता संपेल. तुम्हाला चांगलंच आहे."

पाहुणा संपला तर त्यांचं सगळंच संपणार होतं.

आठ-पंधरा दिवस इंजिनिअरबाई एक छोटं मशीन घेऊन खोलीत बसून होती. मग एक दिवस ती कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "ताई, गंमत आहे. दोनवर पाहुणे आहेत, पाचवर आहेत, सहावर तर जत्रा आहे. चार मात्र या आठ-पंधरा दिवसांत स्वच्छ आहे. तिथे एकही पाहुणा नाही."

"मी नसताना मोजलं असशील."

"तुम्ही असतानाच मोजलं. आज सकाळी तुम्ही नऊ नंबरला म्हणालात ना, पाहुणा आहे म्हणून? तेव्हाही काही नव्हतं."

"मशीन बघून लाजत असतील," वहिनी म्हणाल्या.

इंजिनिअरबाई हसली. मग तिने वहिनींच्या तिरक्या खुर्चीकडे पाहिलं, सेटकडे पाहिलं, आणि पुन्हा मशीनमध्ये डोकं घातलं. तिला काय कळलं नि काय नाही, याचा वहिनींना त्या दिवशी पत्ता लागला नाही. घरी जाऊन त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं. सतराने न बोलता खाल्लं आणि वर "छान झालीय!" असं ओरडलाही.

चाचणीचा दिवस मुद्दाम गर्दीचा निवडला होता. त्या दिवशी स्टेडियममध्ये मॅच होती. संध्याकाळी मॅच सुटली की टॅक्सी तिथे, केटरिंगचा माल उचलायला बेकरी तिथे, टँकर तिथे, मैदानावरच्या खुर्च्या हलवायला सामानवाले तिथे. ड्रायव्हिंग स्कूलचं तिथे काहीही काम नव्हतं, पण शिकणाऱ्या पोराने चुकीच्या वळणावर गाडी घातली होती. कंट्रोल रूममध्ये मालक भिंतीला टेकून बसले. इंजिनिअरबाईने सेटला असा स्पीकर जोडला होता, की कुठल्याही चॅनेलवर कोणीही बोललं तरी या खोलीत ऐकू यावं. वेळ दुसऱ्या गृहस्थाची होती, पण पहिली चाचणी वहिनींची, म्हणून त्याच खुर्चीत बसल्या. उजवा कान स्पीकरकडे यावा म्हणून त्यांनी टाचण्यांचा डबा शोधायचं निमित्त करून अंग वळवलं, आणि डबा हातात असूनही शोधतच राहिल्या.

मॅच सुटली. पहिली काही मिनिटं बरी गेली. मग बॉक्सना शहाणपण सुचलं.

झालं असं, की स्टेडियमच्या दाराशी सगळ्या गाड्या एकमेकींना खेटून उभ्या. सगळ्या बॉक्सनी एकदमच कानोसा घेतला. सगळ्यांना कळलं, की पाच रिकामा आहे. सगळे पाचवर गेले. पाचवर ही झुंबड उडाली. सगळ्यांनी पुन्हा कानोसा घेतला, तर आता चार रिकामा, कारण सगळे पाचवर आलेले. सगळे चारवर. मग तीनवर. दुकानात बिलाची नवी खिडकी उघडली की सगळी रांग तिकडे धावते आणि आधीची खिडकी ओस पडते, तसा प्रकार. स्पीकरमधून नुसते शब्दांचे तुकडे येत होते. "...दार नंबर..." "...पाव..." "...क्लच, अरे क्लच..."

"प्रत्येकाने थोडं थोडं थांबून उडी मारायला हवी," इंजिनिअरबाई डोक्याला हात लावून म्हणाली. "सगळ्यांना मी एकच वेळ लावून ठेवलीय. माझीच चूक आहे." तिने भराभर कागदावर काहीतरी लिहायला घेतलं. "ताई, मी गाड्या वाटून देते. तुम्ही आवाजाने सांगा. एक मिनिट."

आणि त्या एका मिनिटात, सगळा गोंधळ बाजूला सारत, स्पीकरमधून एक खणखणीत आवाज आला.

"सवय झालीय हो काकू! बायकोमुळे!"

तो आवाज कोणाचा, हे सांगायची गरज नव्हती. फडकं हललं होतं.

सतराच्या गाडीत पुढच्या सीटवर एक वयस्कर बाई बसल्या होत्या, मांडीवर भली मोठी पिशवी घेऊन. पिशवी मांडीवरून सरकून मधल्या खाचेत बसली होती, आणि त्या खाचेत सतराच्या सेटचा माईक होता. बटन पिशवीखाली दाबलं गेलेलं. बटन दाबलेलं असलं की माणूस बोलतो ते सगळ्यांना ऐकू येतं, आणि सगळे बोलतात ते त्याला ऐकू येत नाही. बऱ्याच नवऱ्यांना हे सुख आयुष्यात मिळत नाही.

"भांडण होतं का घरी?" काकूंचा बारीक आवाज.

"भांडण कसलं! तिला ऐकू येत नाही ना! डावा कान गेलाय तिचा!"

मालकांच्या हातातला कप तोंडापाशी थांबला. वहिनींनी झडप घालून बटन दाबलं. "सतरा! सतरा, बटन सोडा!" त्यांचं कोण ऐकतंय? इंजिनिअरबाई मशीनच्या स्क्रीनकडे बघून ओरडली, "सगळे चार सोडून चाललेत, त्याच्या आवाजाने चार भरलाय!" बाकीच्या गाड्या पळून तीनवर गेल्या. सतराचा बॉक्स नवा, हुशार. त्याने मध्येच क्षणभर थांबून कानोसा घेतला, जवळपास कुठे बरी जागा आहे ते पाहिलं, आणि धन्याला अलगद उचलून तीनवर आणून ठेवलं.

"ती टॅक्सीच्या कंट्रोलला असते! तुम्ही मघाशी फोन केलात ना, तो तिनेच घेतला!"

"मग तिला ऐकू आलं की!"

"फोन ती उजव्या कानाला लावते! वायरलेसचा वांधा आहे!"

गाड्या पाचवर पळाल्या. सतरा मागोमाग पाचवर हजर.

"सांगत का नाही तिला, की तुम्हाला माहीत आहे?"

"कसं सांगू? तिने मला सांगितलं नाही, म्हणजे मला माहीत नाही! तिला वाटतं, कळलं तर खुर्ची जाईल! मग मी सगळ्या ड्रायव्हरांना गाठलं, एकेकाला चहा पाजला, म्हटलं, बाबांनो, जे बोलायचं ते दोनदा बोला! आणि मी असा ओरडतो! ओरडतो म्हणून रोज तिचा ओरडा खातो! हळू बोललो तर तिला ऐकू येत नाही, आणि मोठ्याने बोललो तर म्हणते, माणसासारखं बोला!"

दोनवर. सहावर. परत चारवर. जिथे म्हणून गाड्या जात, तिथे सतरा जाऊन पोचे. शहरभर पाहुणा होऊन फिरत होता तो माणूस, आणि हा पाहुणा शंभर टक्के खरा होता. वहिनी कानकोंड्या होऊन बसल्या होत्या. मालकांकडे बघायची सोय नव्हती, इंजिनिअरबाईकडे बघायची सोय नव्हती. त्या टाचण्यांच्या डब्याकडे बघत होत्या, आणि डबा त्यांना धड दिसत नव्हता.

"जाऊ दे की मग खुर्ची," काकू म्हणाल्या. "वय झालं. घरी बसेल."

"नाही हो!" सतरा म्हणाला. मग नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत म्हणाला, "ती घरी मावत नाही, काकू. त्या खुर्चीत बसली की ती केवढी मोठी होते ते तुम्हाला नाही माहीत. मला माहीत आहे. मी रोज ऐकतो."

थोड्या वेळाने काकूंचा आवाज आला. "थांबवा, थांबवा. हेच घर. अहो, पिशवीखाली हे काय टोचतंय?"

खट्. आवाज बंद झाला.

आणि मग जे झालं, ते इंजिनिअरबाईने पुढे अनेकांना सांगितलं. एकूण एक चॅनेल रिकामा होता. बॉक्सनी कानोसा घेतला, त्यांना सगळीकडे शांतता मिळाली, आणि एकही बॉक्स जागचा हलला नाही. कुणी बोलतच नव्हतं.

"ताई," ती हळूच म्हणाली. म्हणजे तिने ते वहिनींच्या उजव्या बाजूला येऊन म्हटलं. "बोला आता. सगळे ऐकतायत."

वहिनींनी बटन दाबलं. "सतरा. कंट्रोल बोलतेय."

"बोल, कंट्रोल!" फडकं हललं.

"तुमचं बटन अडकलं होतं."

स्पीकरमधून काहीतरी आलं. एक-दोन शब्द, पण अगदी बारीक. कित्येक महिन्यांत सतरा पहिल्यांदा इतका हळू बोलला होता, आणि वहिनींना ते कळलं नाही. जिभेवर नेहमीचं वाक्य आलं, पाहुणा आहे. त्यांनी ते गिळलं. मालक बघत होते. बघू देत.

"परत बोला," त्या म्हणाल्या. "मला ऐकू आलं नाही."

"म्हटलं, कुठपासून ऐकलंस?"

"कानापासून."

मग भलताच एक आवाज मध्ये आला. "बेकरी बोलतेय. आम्हाला चहापासून मिळालं. सुरुवात कुणाकडे आहे का?" टँकरवाला म्हणाला, "सुरुवात आमच्याकडे आहे, पण खुर्ची गेली की राहिली?" ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर म्हणाला, "सगळे गप्प बसा रे, बाईंना बोलू द्या," आणि लगेच, "ब्रेक! ब्रेक!"

इंजिनिअरबाईने कागद पुढे सरकवला. वहिनींनी तो वाचला, घसा साफ केला, आणि मग त्यांचा तो ठेवणीतला आवाज लागला.

"कंट्रोलकडून सगळ्यांना. बॉक्सचं उड्या मारायचं बटन बंद करा. सम नंबरच्या टॅक्सी तीनवर, विषम पाचवर. बेकरी आणि टँकर दोनवर. बाकीचे सहावर. चार रिकामा ठेवायचा, तिथे फक्त हाक मारायची आणि आपल्या जागी जायचं. दुसरं असं, की माझा डावा कान गेलाय. उजवा शाबूत आहे. तेव्हा इथून पुढे एकदाच बोला आणि स्पष्ट बोला, दोनदा बोलून माझा चॅनेल अडवू नका. आणि चहा उकळलात ना फुकटचा, तो परत पाजा त्यांना."

स्टेडियमची गर्दी अर्ध्या तासात पांगली.

मालक उठून समोर आले. "वहिनी, मला सांगायचं नाहीत का?"

"तुम्ही खुर्ची काढून घेतली असतीत."

मालक खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी विचार केला. "घेतली असती," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय, कान दाखवून या. तोवर खुर्ची तुमची. नंतरचं नंतर बघू."

"पण टेबल का नाही फिरवत?" इंजिनिअरबाईने विचारलं.

"वायर पुरत नाही," वहिनी आणि मालक एकदम म्हणाले.

तिने दोन्ही पिशव्यांकडे पाहिलं. मग त्यातल्या एकीतून वायरचं वेटोळं काढलं आणि न हसायचा पुष्कळ प्रयत्न केला.

डॉक्टरांनी सांगितलं, की डावा कान काही परत येणार नाही, मशीन लावूनही फारसा उपयोग नाही. उजवा मात्र विशीतल्या पोरीसारखा आहे. वहिनी तशाच कंट्रोल रूमवर आल्या. टेबल फिरवलेलं होतं, सेट उजवीकडे, नकाशा समोर. मालकांनी मधल्या काळात दुसऱ्या गृहस्थांना विचारलं होतं, तर ते म्हणाले, मला त्या गर्दीसमोर बसवू नका, मी बिलं बघतो. वहिनी खुर्चीत बसल्या आणि टाचण्या जागच्या जागी लावल्या. नऊ नंबर म्हणाला, "दवाखान्याजवळ मोकळा." एकदाच म्हणाला. त्यांना पहिल्या फटक्यात कळलं.

घरी मात्र दोघांनी तो विषय काढला नाही. सतरा ओरडतच होता. सुटेल हळूहळू, असं वहिनींनी धरून चाललं होतं.

रविवारी दुपारी त्या पलंगावरची चादर बदलत होत्या. सतरा दारात वर्तमानपत्र घेऊन बसला होता. उशीचे अभ्रे काढता काढता त्यांचा हात थांबला. लग्नापासून सतरा पलंगाच्या डाव्या अंगाला झोपायचा आणि त्या उजव्या. मग एक दिवस त्याने हट्ट धरला, की मला उजवीकडे पाहिजे. पंख्याचा वारा लागतो, मान धरते. वहिनींनी भांडून पाहिलं, चार दिवस अबोला धरला, शेवटी उशी उचलून डावीकडे टाकली. भिंतीकडच्या त्या जागेला आजवर त्या नावं ठेवत होत्या.

तो हिवाळा होता. सर्दी नुकतीच गेली होती. लाँड्रीच्या आधीची गोष्ट, म्युझियमच्याही आधीची. त्या तेव्हा कानात तेल घालत होत्या आणि उद्या दडा सुटेल म्हणत होत्या. त्यांना स्वतःला अजून कळायचं होतं.

"अहो, जरा इकडे या."

सतरा आला.

"झोपायची जागा का बदलली होती तुम्ही?"

"पंख्याचा वारा!" तो म्हणाला. "मान धरत होती!"

"हिवाळ्यात?"

वहिनींनी वर पाहिलं. त्यानेही पाहिलं. पंखा पलंगाच्या अगदी मधोमध होता, आणि घर बांधल्यापासून तिथेच होता. दोघं मान वर करून बराच वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले.

"वारा त्या बाजूलाच यायचा," सतरा म्हणाला. समोरच्या घरातून कुणीतरी विचारलं, काय झालं?

वहिनींचे डोळे भरून आले होते, म्हणून त्यांनी पाठ वळवली आणि त्याच्या उशीला अभ्रा चढवायला घेतला. तो उलटा चढला. त्यांनी काढून पुन्हा चढवला, आणि उशी नीट करून उजवीकडे, आपल्या शाबूत कानाच्या बाजूला, ठेवली.